लुगडं त्यांचंच होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही भलत्याच किरकोळ चुकांची माफी मागत राहिले, आणि ही तेवढी मागे ठेवली, पदराखाली झाकून. आता सांगायला बसले आहे, तर मघापासून एकदा गॅस बंद आहे का बघून आले, एकदा दाराची कडी बघून आले. दोन्ही ठीक आहेत. बिघाड तिकडे नाही, हे मलाही कळतं.

गोष्ट कपडे वाळवायच्या यंत्राची आहे. हसलात ना? हसा. यंत्र तापायचं बंद होतं, मिस्त्री येतो, दुरुस्त करून जातो — यात पाप कुठून आलं? दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मीही असंच म्हटलं असतं.

बांगलादेशची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझा नवरा पलटणीत, पार आसामकडे. मी कुंडलला सासरी. घरात ऊस होता, बैल होते, माणसं होती, सगळं भरलेलं — आणि सासूबाईंच्या मते त्या भरल्या घरात एक माझीच ओटी रिकामी. लग्नाला चार वर्षं झाली होती. नवरा वर्षातून एकदा सुट्टीवर येणार, आणि जाब मात्र मला. तेव्हा आमचे चुलतसासरे महाबळेश्वरला एका आरोग्यधामात भांडार सांभाळत होते. क्षयाच्या रोग्यांचं आरोग्यधाम. नाव नाही सांगत. मी सातवी पास होते, म्हणून त्यांनी तिथल्या धुलाईघरात चादरी-अभ्र्यांवर देखरेख करायला माझं नाव सुचवलं. मामंजी म्हणायची मी त्यांना. त्यांच्या एका शब्दावर मी डोंगर चढून आले होते, आणि एका शब्दावर परत कुंडलला गेले असते. हे कधी कुणी बोलून दाखवलं नाही. गरजही नव्हती.

तिथे मला एक खोली मिळाली होती. ओल धरलेली, अंधारी, पण दाराला आतून कडी. ती कडी लावून मी नुसती कॉटवर बसून राहायची. कुणी 'बसली काय' म्हणणारं नाही! — पण हे मी का सांगते आहे? तुमच्या मनात माझ्यासाठी जागा करते आहे का? तसं असेल तर हे सोडून द्या, पुढचं ऐका.

धुलाईघरात सरूअक्का होती. पलूसकडची, पंचेचाळिशीच्या आसपासची, हाडं काटक आणि तोंड फटकळ. मला 'कुंडलच्या पाटलीणबाई' म्हणून चिडवायची, आणि पिळायला जड चादर आली की माझ्या हातातून ओढून घ्यायची. तिचे यजमान — तात्या — पुरुषांच्या वॉर्डात खाटेवर होते. त्यांच्या सुया चालू होत्या, कोर्स निम्मा झालेला, थुंकीतलं रक्त थांबलेलं. कामगाराच्या घरच्या माणसाला तिथे खाट आणि औषध फुकट मिळायचं, म्हणून अक्का त्या गारठ्यात हात सोलून घेत होती. तिची नोकरी होती म्हणून तात्यांची खाट होती. हे मला ठाऊक होतं. लक्षात ठेवा — तेव्हाही ठाऊक होतं.

आषाढात तिथे कपडे वाळणं म्हणजे काय, हे खालच्या माणसाला समजायचं नाही. घरांना चहूबाजूंनी गवताच्या झडी बांधलेल्या असतात, दिवसाही दिवा लागतो, भिंतीला हात लावला तर हात ओला. आम्ही शेगडी पेटवून तिच्यावर डालगं उपडं घालायचो आणि त्यावर चादरी पसरायचो. चादरीला धुराचा वास, आणि त्या धुराने खोकणाऱ्यांना आणखी खोकला. मग त्या साली कुणा परदेशातल्या दात्याने ते यंत्र पाठवलं. मोठं पिंप, पुढे काचेचा गोल दरवाजा, मागे भिंतीतून बाहेर गेलेला पत्र्याचा पाईप. ड्रायर. आम्ही बायका 'डायर' म्हणायचो. मामंजींनी नारळ फोडला, डायरला हळदकुंकू लावलं. ओली चादर आत टाकायची आणि ऊन-ऊन बाहेर काढायची. अक्का पहिल्या दिवशी ती चादर गालाला लावून उभी राहिली होती.

आता खरं तिथे यायला हवं. येते.

तेव्हा आमच्याकडे महिन्याच्या चार दिवसांसाठी जुन्या लुगड्याची फडकी असायची, दुसरं काही नाही. कावळा शिवला की फडकी काढायची, लपून धुवायची, लपून वाळवायची. उन्हात नाही हं — दुसऱ्या कपड्याखाली, अंधारात, माळ्यावर. पुरुषाच्या नजरेला पडता कामा नये. त्यावरून साप गेला तर बाईची कूस कधी उजवत नाही, असं सासूबाईंनी मला बजावून ठेवलेलं. कुंडलच्या उन्हाळ्यात हे सगळं निभायचं. पण त्या पावसात? पलंगाखाली दोरी बांधून फडकी टांगलेली, आणि ती पुढच्या महिन्यापर्यंतही ओलसरच. ओलं फडकं घेऊन दिवसभर उभ्याने काम केलं की काय होतं — जिला माहीत आहे तिला सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना मी कसं सांगू?

अक्काने माझी चाल ओळखली. म्हणाली, "मांड्या सोलल्यात व्हय गं? मग बोलायचं न्हाई का, शाने?" आणि संध्याकाळी आपलं हिरवं इरकली लुगडं घेऊन आली. धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. मधोमध फाडून अर्धं मला दिलं. म्हणाली, तिचं गेल्या सालापासून थांबलंय, तिला आता काय करायचंय. जाता जाता एवढंच बजावलं, "इमल, काठ तेवडा काडून टाक. काठ टोचतो."

मी बहुतेक फडक्यांचा काठ काढला. एकाचा राहिला. घाई होती, कंटाळा होता, — काही मोठं कारण नव्हतं.

मऊ फडकी मिळाली, पण वाळायची कशी? दुपारी अक्का तात्यांना भाकरी भरवायला वॉर्डात जायची, तेव्हा धुलाईघरात मी एकटी असायची. एके दिवशी मी काचेचा तो दरवाजा उघडला. पाच-दहा मिनिटं लागली असतील. कोरडं, उबदार फडकं हातात आलं आणि मी रडले — खरंच रडले, एवढ्याशा सुखाला. त्यानंतर मी दर महिन्याला चोरून तेच करायला लागले. त्याच यंत्रात रोग्यांच्या चादरी वाळायच्या, आचाऱ्याचे स्वयंपाकाचे पंचे वाळायचे, देवघरातलं वस्त्र वाळायचं. कुणाला कळलं असतं तर काय झालं असतं, ते तुम्हीच ओळखा.

आणि एका दुपारी एक फडकं कमी निघालं.

पिंपात हात घालून चाचपलं, दरवाज्याच्या रबरात बघितलं. मागे धूळ-तंतू अडवणारी जाळी होती, ती एका कोपऱ्यात सुटलेली दिसली. तिच्यामागे काळं भोक. त्यात हात घातला तो कोपरापर्यंत गेला आणि बोटांना काहीच लागलं नाही. वाऱ्याने ते ओढून पाईपात नेलं होतं. मी जाळी दाबून बसवली आणि चादरी घड्या करत बसले. अक्का परत आली तेव्हा मी तिला सांगायला हवं होतं, नाही का? तिने चार शिव्या घातल्या असत्या आणि तारेचा आकडा करून ते काढून दिलं असतं. पण मी नाही सांगितलं. वाटलं, पाईपाच्या दुसऱ्या तोंडातून दरीत उडून जाईल.

दुसऱ्या दिवशी पिंप फिरत होतं, पण चादरी जशाच्या तशा ओल्या. आतून गार वारा. आचारी दारातून डोकावून म्हणाला, "हितं समद्यांस्नी ताप, आन् ह्यालाच न्हाई व्हय!" सगळे हसले. मीही हसले.

गावातल्या वायरमनने फ्यूज बघितला, तो ठीक होता. मग सांगलीला निरोप गेला. मिस्त्री येईपर्यंत पुन्हा शेगड्या पेटल्या, पुन्हा धूर झाला, आणि पुरुषांच्या वॉर्डातून तात्यांचा खोकला मला वेगळा ओळखू यायला लागला. दोन रात्री मी कडी लावून पडले आणि झोप काही आली नाही. उठायची, पलंगाखालची दोरी बघायची, पुन्हा पडायची.

मिस्त्री पलटणीतून सुटून आलेला, पोटाचा घेर वाढलेला, हिंदी-मराठीची भेळ बोलणारा. त्याला आजूबाजूला माणसं लागायची. आरोग्यधामाच्या मेट्रनबाई होत्या, मामंजी होते, अक्का होती, मी होते. मी पदर कपाळापर्यंत ओढून भिंतीला टेकले होते.

तो आधी वीज तपासायला बसला. म्हणाला, तीन फेजांपैकी एक गेला तर मोटर फिरंल पर गरम व्हनार न्हाई. मी मनात म्हटलं, एक फेज गेलेला असू दे. दिवा लावून बघितला, तिन्ही फेज जागेवर. मग त्याने मागचा पत्रा खोलला. मी म्हटलं, कॉइल जळलेली असू दे, नवी मागवू दे, पावसाळा सरू दे. कॉइल शाबूत. मग त्याला एक बारकं बटण सापडलं — ताप फार वाढला की ते आपोआप वीज तोडतं, म्हणाला. ते उडालेलं होतं. त्याने दाबलं, आणि काय सांगू, पिंप तापायला लागलं! मेट्रनबाईंनी टाळी वाजवली. मामंजी म्हणाले, "झालं, सुटलो." मी देवाला नारळ कबूल केला.

चहा पिऊन होईतो ते पुन्हा गार पडलं. बटण पुन्हा उडालेलं.

मिस्त्री मात्र खुशीत आला. मांडी थोपटून म्हणाला, "आता बगा मज्जा. ह्याला ताप येतोय, पर घाम भाईर पडंना. हवा कुटं तर आडलीया." आणि जाळी काढून, तारेचा आकडा करून तो पाईपात घालायला लागला.

अजून वेळ होता. मेट्रनबाईंच्या कानाशी लागून मी म्हणू शकत होते — बाई, पुरुषांना जरा बाहेर पाठवा. एवढंच. अर्ध्या मिनिटाचं काम. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले, सोडत राहिले, गुंडाळत राहिले.

आकड्याला लागून ते आलं. तंतूंनी लडबडलेलं, राखाडी झालेलं, वास मारणारं. त्याने झटकलं तसा खाली हिरवा रंग दिसला आणि एका कडेला तांबडा काठ. मग मिस्त्रीला कळलं आपण काय धरलंय. त्याने ते टाकलं, हात विजारीला पुसला आणि खिडकीतून पाऊस बघायला लागला. मामंजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

ते लुगडं सगळ्या आरोग्यधामाने अक्काच्या अंगावर पाहिलेलं होतं. मेट्रनबाई म्हणाल्या, "सरू, हे तुझं ना?"

अक्काने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वाट बघितली तिने. तव्यावर भाकरी टाकून ती फुगायची वाट बघतात तशी — आता होईल, आत्ता होईल अशी.

मी खाली बघितलं. मग मेट्रनबाई माझ्याकडे वळल्या. "विमल, तू रोज हिच्याबरोबर असतेस. तू सांग. हिचंच ना हे?"

आणि मी म्हणाले, "व्हय बाई. लुगडं त्यांचंच हाय."

शब्द न् शब्द खरा होता, बघा. लुगडं तिचंच होतं. कोर्टात शपथेवर सांगितलं असतं तरी खोटं ठरलं नसतं. एवढी हुशारी त्या घटकेला मला कुठून सुचली? आणि आणखी एक. मी रोज तिला 'अगं अक्का' म्हणायची, 'तुजं' म्हणायची. त्या दिवशी 'त्यांचं' म्हणाले. तिने ते ऐकलं. लुगड्यापेक्षा तेच तिला जास्त लागलं असणार, कारण तिचा चेहरा तिथे पडला.

पण हेही अजून सगळं नाही. सगळ्यात वाईट ते राहिलंच. अक्काला एका वाक्यात सुटता आलं असतं — माझं तर वर्षापासून थांबलंय. पण ते वाक्य ती परक्या मिस्त्रीसमोर, माझ्या चुलतसासऱ्यासमोर उच्चारणार कशी? तिच्या पिढीची बाई जीव गेला तरी ते बोलली नसती. हे मला माहीत होतं. तोंड उघडायच्या आधी मी ते मनात तोलून बघितलं होतं. ती बोलणार नाही याची खात्री झाली, तेव्हाच मी बोलले.

अक्का एवढंच म्हणाली, "फडकं हाय, बाई. मानूस न्हाई मेलं." मेट्रनबाईंना तो उर्मटपणा वाटला.

आचाऱ्याने विटाळाचा गवगवा केला, डायर गोमूत्राने पुसून घेतल्याशिवाय चूल पेटवणार नाही म्हणाला. वरच्या साहेबांपर्यंत गेलं. दुसऱ्याच दिवशी अक्काला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. नोकरी गेली तशी तात्यांची खाटही गेली. मिस्त्रीने बटण दाबलं होतं, यंत्र झकास तापत होतं, आणि मी ऊन-ऊन चादरींच्या घड्या घालत होते. तात्यांच्या खाटेवरची चादरही त्यात होती.

पुढचं औषधपाणी तात्यांकडून झालं नसावं. सुया अर्ध्यावर सुटल्या. पुढच्या दिवाळीच्या आत ते गेले, असं मला पलूसच्या एका रोग्याच्या बायकोने सहज बोलता बोलता सांगितलं. छाती पोखरलेलीच होती, ते तसेही गेले असते — असं म्हणायची सोय आहे. मी पुष्कळ वर्षं म्हणत आले. आज नाही म्हणत.

मामंजींनी कुंडलला जाऊन सासूबाईंना सांगितलं, पोर सरळ आहे, खरं बोलते. माझी नोकरी टिकली. खोली टिकली. कडी टिकली.

अक्का आणि तात्या आरोग्यधाम सोडून निघाले त्या सकाळी मी कडी लावूनच बसले होते. एसटीची वेळ होऊन जावी म्हणून. दारावर लाथ बसली. हाताने नव्हे — तिच्या हातात बोचकं होतं. उघडलं तर अक्का, डोक्यावर पोत्याची खोळ, मागे पायरीवर तात्या घोंगडं पांघरून बसलेले, दम खात. ते माझ्याकडे बघून हसले. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

अक्काने बोचक्यातून उरलेलं अर्धं लुगडं उपसलं आणि माझ्या अंगावर फेकलं.

"घे. ऱ्हायल्यालं बी घे. पावसाळा लय हाय आजून." आणि वळता वळता म्हणाली, "आन् काठ काड."

मी काठ काढला. सगळ्या फडक्यांचा, नीट, कात्रीने. मग दर महिन्याला, दुपारी धुलाईघरात कुणी नसताना, जाळी घट्ट बसवून ती त्याच डायरमध्ये वाळवली. मऊ होती. कधी टोचली नाहीत.